उंबऱ्यापर्यंत समुद्र

नेपल्सजवळच्या समुद्रात, बुडालेल्या रोमन नगरावर काचेच्या तळाची होडी येऊन थांबली. खाली रंगीत फरशी दिसू लागली की गाइड ऑर्नेला नेहमी बोलायची थांबायची. आज मात्र तुरीनहून आलेल्या सहलीतलं एक म्हातारं जोडपं तिच्या शेजारीच बोलत होतं.

"बघ एर्सिलिया, दोन हजार वर्षं पाण्यात, आणि फरशी कशी लख्ख!"

"तुझ्यासारखं चिखलाच्या बुटांनी कोणी घरात येत नाही ना, म्हणून."

"सकाळी आपल्या गावचा, पोत्सुओलीचा धक्का बघितलास? होड्या चिखलात बसल्यात. समुद्र केवढा मागे गेला!"

"समुद्र कुठला जातोय, प्रोकोलो? जमीन वर आलीय, इथे ती वरखाली होतच असते. तुरीनला राहून एवढंही विसरलास?"

"तुझ्या बापाची अट नाही विसरलो. समुद्र माझ्या उंबऱ्याला लागेल तेव्हा पोरगी देईन, म्हणे."

"आणि तू दुसऱ्या दिवशी समुद्राचं पाणी बादलीनं आणून दारात ओतलंस. बाबांचे मोजे भिजले."

"पण हसले की नाही?"

"हसले. प्रोकोलो, बाबांचं ते घर अजून उभं आहे. मला आता तुरीनच्या बसमध्ये चढायचं नाही."

"वेडी आहेस का? इथली जमीन रोज हलते."

"तुरीनला मी हलते, थंडीनं."

"बरं बाई. समुद्र त्या उंबऱ्याला लागू दे, मग राहू इथे."

होडी किनाऱ्याला लागली, तेव्हा उतरता उतरता एर्सिलियानं ऑर्नेलाचा हात धरला.

"पोरी, एखादी बादली मिळेल का गं?"