विषय क्रमांक तेवीस

ताई : म्हणजे वाचलंच नाहीस तू.

नगरसेवक : अगं, सभेपुढे एकतीस विषय होते. एकेक वाचत बसलो तर दिवस पुरेल का?

ताई : तेविसावा माझ्या प्रसूतिगृहाचा होता. बावीस वर्षं मी तिथे सिस्टर आहे. तुझ्या वॉर्डात आहे ते. तुझी लेक तिथे जन्मली, माझ्या हातांवर.

नगरसेवक : विषयपत्रिकेवर प्रसूतिगृह हा शब्द होता का? ‘शासनाच्या पत्रानुसार कार्यवाहीस मान्यता देणे.’ बास. पत्र मागे जोडलेलं होतं म्हणे.

ताई : आणि मंजूर कोण म्हणालं?

नगरसेवक : अध्यक्षांनी विचारलं, वीस ते एकतीस मंजूर?

ताई : कोण म्हणालं, भोंग्या?

नगरसेवक : मी.

ताई : लहानपणी तू हाक मारलीस की चार गल्ल्या पलीकडे ऐकू जायची, म्हणून नाव पडलं तुझं. पक्षाने बरोबर माणूस हेरला.

नगरसेवक : ते कामच आहे माझं. मी मंजूर म्हणायचं, मग मागून बाकीचे म्हणतात. आठ वर्षं झाली. चहा येईपर्यंत आटोपतं सगळं.

ताई : आम्हाला नोटीस आलीय. महिनाअखेर कुलूप. बायकांनी नऊ किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात जायचं. अकराजणींचे दिवस भरत आलेत, ऐकतोयस ना? कळा सुरू झाल्या आणि गाडी रेल्वेच्या फाटकापाशी अडकली, तर मी काय फोनवरून बाळंतपण करू?

नगरसेवक : राज्याचा निर्णय आहे तो. आमच्या हातात काय असतं?

ताई : पत्र मी वाचलंय. दोनदा. स्थानिक संस्थेने ठराव केला तरच बंद करा, असं आहे त्यात.

नगरसेवक : ते असंच लिहितात गं. पद्धत असते.

ताई : म्हणजे राज्य म्हणणार, पालिकेने ठराव केला. पालिका म्हणणार, राज्याचं पत्र आलं. मग बंद केलं कोणी?

नगरसेवक : तसं बघितलं तर कोणीच नाही.

ताई : छान.

नगरसेवक : चिडू नकोस ना.

ताई : चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. नोटीस आल्यापासून हात चालतात, पाय चालतात, बाकी सगळं बंद. काल तिथल्या एका बाळाला आंघोळ घालत होते, पाणी पार गार झालेलं. ते रडायला लागलं तेव्हा कळलं मला.

नगरसेवक : चहा टाकायला सांगू?

ताई : नको. तुमच्या सभेचा कारकून भेटला होता. म्हणाला, ठराव अजून कच्चा आहे. उद्याच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करतील, मग तो पक्का.

नगरसेवक : त्या कारकुनाचं तोंड फार सुटलंय.

ताई : उद्या उभा राहा आणि म्हण, तेवीसला माझा विरोध आहे.

नगरसेवक : पक्षाचा आदेश मोडला की पद जातं, ताई. सरळ घरी. आणि सदतीसजणांत मी एकटा बोलून काय दिवे लावणार?

ताई : त्या सदतीसांत वाचून किती येतात?

नगरसेवक : तू पण ना.

ताई : बरं, विरोध राहू दे. तू फक्त उद्या ‘कायम’ म्हणू नकोस. गप्प बस. गप्प बसलं म्हणून कोणाचं पद जात नाही.

नगरसेवक : मग सगळे थांबतील. माझी वाट बघतील.

ताई : थांबू देत. कोणीतरी विचारेल, काय अडलं, वाचा जरा. तेवीस नंबर एकदा मोठ्याने वाचला जाऊ दे. तुमच्यातल्या दोघांच्या सुनांनी माझ्याकडे नावं घातलीयत. त्यांनाही पत्ता नसेल.

नगरसेवक : बघतो.

ताई : बघतो नको.

नगरसेवक : बसतो गप्प. झालं?

(दुसऱ्या दिवशी दुपारी. प्रसूतिगृहातली नाव नोंदवायची खोली. कपाटं अर्धी रिकामी. सफाईच्या मावशी फरशी पुसताहेत.)

मावशी : साहेब, पाय वर घ्या. ओलं आहे.

ताई : बसलास गप्प?

नगरसेवक : बसलो.

ताई : खरं सांग.

नगरसेवक : खरंच. अध्यक्ष म्हणाले, मागचं इतिवृत्त कायम? आणि माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच मान वळवली. मी आपला टेबलाकडे बघत बसलो.

ताई : मग?

नगरसेवक : मग ते म्हणाले, कोणाचा विरोध दिसत नाही. एकमताने कायम. पुढचा विषय घ्या.

ताई : वाचलं नाही?

नगरसेवक : नाही.

ताई : कोणी काही विचारलंही नाही?

नगरसेवक : शेजारच्याने विचारलं, घसा बसलाय का.

मावशी : सिस्टर, खाटा आज हलवायच्या की उद्या?

ताई : उद्या बघू, मावशी.

नगरसेवक : एकमतात मलाही धरलं त्यांनी. सभा संपल्यावर मी वही बघितली. माझ्या नावापुढे ‘उपस्थित’ लिहिलंय.

ताई : होतासच की.

नगरसेवक : बोल ना मला काहीतरी. शिव्या घाल.

ताई : कशाला? सांगितलं तेवढं केलंस. गप्प बस, असं मीच म्हणाले होते.

नगरसेवक : ताई, तिथे मला काहीच वाटलं नाही. वाईटसुद्धा नाही. म्हटलं, इथे आलो, तुझं तोंड बघितलं की वाटेल.

ताई : वाटलं?

नगरसेवक : अजून नाही.

मावशी : सिस्टर, दारात एक पोर उभी आहे. सातवा लागलाय म्हणते, नाव घालायला आलीय. चालत आली बिचारी. काय सांगू तिला?

ताई : मला नका विचारू. हे बसलेत ना, वॉर्डाचे नगरसेवक. त्यांना विचारा.

मावशी : साहेब, काय सांगू?

नगरसेवक : तिला... बसायला सांगा जरा.