पायथ्याशी फिरवलेली बस

मी मूळची कोल्हापूरची. बाबा लाल डब्यावर ड्रायव्हर, सगळा जन्म गगनबावड्याच्या घाटात गेला, आणि मी इथे मेलबर्नला आले हॉटेल मॅनेजमेंट शिकायला, शिकले ते शिकले, पण पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाल्यावर हेवी लायसन्स काढलं आणि बसच चालवायला लागले, रक्तातच होतं, काय सांगू तुम्हाला. इथला हिवाळा जून ते ऑगस्ट, तेव्हा माझी ड्युटी स्नोला, म्हणजे पहाटे लोकांना घेऊन डोंगरावर जायचं, बर्फ दाखवायचा आणि संध्याकाळी सगळ्यांना धडधाकट खाली आणायचं. बाबा मात्र गावाकडे कुणी विचारलं तर सांगायचे, पोरगी ऑस्ट्रेलियात कंपनीत आहे. ड्रायव्हर हा शब्द कधी तोंडातून निघाला नाही.

गेल्या वर्षी ते आले, आयुष्यात एकदा बर्फ हातात घ्यायचा म्हणून. मेलबर्नच्या पॉइंट कुक भागातल्या मराठी लोकांची ट्रिप होती, सगळ्यांचे आईवडील कानटोप्या घालून बसमध्ये, धपाटे फिरतायत, आणि मी पायथ्याशी बर्फात घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या बांधायला थांबले तेव्हा फोनवर अंदाज बघितला तर बदललेला, दुपारनंतर वर सोसाट्याचं वारं आणि दाट बर्फ. आता चढायचं काय, कुणीही चढेल हो, उतरायचं असतं संध्याकाळी. बॉसला फोन केला, तो म्हणाला, युअर कॉल, मेट, म्हणजे तूच ठरव. मी म्हटलं, मग मी मागे फिरते. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, दरडी कोसळत होत्या तरी मी घाटातनं गाडी मागं फिरवली नाही.

आणि त्या दिवशी काहीच झालं नाही बघा. वारं दुसरीकडूनच निघून गेलं, दुसरी बस वर जाऊन हसत खाली आली, ग्रुपवर फोटोच फोटो. बाबा माझ्याशी बोलेनात, आणि बर्फ न बघताच परत गेले. मला वाईट वाटलं, रडलेसुद्धा. पण अंदाज चुकला म्हणून मी चुकले असं नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

मग त्यांनी तिकडे बसून रोज आमच्या डोंगराचं हवामान बघायला सुरुवात केली, मला चिडवायला, काय गं, आलं का तुझं वादळ? ऑगस्टमध्ये मात्र एकदा आलं. मी पायथ्यावरूनच मागे फिरले होते आणि वर रस्त्यावर झाडं पडली, गेलेले लोक वरच अडकले. बाबांचा फोन आला, वादळाचं काही बोलले नाहीत, जेवलीस का, एवढंच.

या जुलैत पुन्हा आले. पुन्हा तीच जागा, त्याच साखळ्या, तसाच अंदाज. मी म्हटलं, गाडी वर जाणार नाही. मागून एक जण चिडला, अहो ताई, आईबाबांचा व्हिसा संपतोय, परत कधी बघणार ते बर्फ? बाबा पहिल्या सीटवर होते, त्यांच्याकडे बघायचं धाडस होईना, पण निर्णय बदलायचा नाही हे पक्कं होतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, मागे वळले आणि म्हणाले, ड्रायव्हर नाही म्हणतीय ना, मग नाही. बसा खाली.

परवा भारतात परत गेले ते, बर्फ न बघताच. एअरपोर्टवर डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, गुडघे चालले तर येईन परत, नाहीतर राहिलं. तू अशीच चालव गाडी. उद्या माझी ड्युटी आहे, अंदाज बरा दिसतोय. बघू, पायथ्याशी गेल्यावर.