विरलेला स्कर्ट

…आपटून धुतलात ताई, दुसरं काय! धोपटण्यानं बडवायचं नाही, सोडा घालायचा नाही, कडक उन्हात टाकायचा नाही — याच काउंटरवरून सांगते ना मी प्रत्येकीला? काय? नुसत्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढता? — सगळ्या असंच म्हणतात हो. माझी अनुपमापण हेच म्हणते. माझी मुलगी, तुमच्या मुलीच्याच शाळेत, आठवीत. जूनमध्ये नवा स्कर्ट, आणि गणपती जाऊन आठ दिवस नाही झाले तर प्रार्थनेला खाली बसताना मागून टरकन फाटला — सगळ्या वर्गात! दप्तर मागे धरून मुलुंड कॉलनीपर्यंत चालत आली पोर. आणि मी काय म्हटलं? "तुला धुताच येत नाही गं!" — हेच, आत्ता तुम्हाला म्हटलं तेच.

तेव्हापासून दुसरा स्कर्ट तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी तसा धुते. पिळत नाही, मोरीत दोरीवर निथळत ठेवते. तरी विरलाच — उजेडात धरला की पलीकडचं दिसतं. परवा मला विचारते, "आई, माझ्या हातांतच काही आहे का गं?"

आमचे हे मिलमध्ये मागावर होते, वीस वर्षं — संपानंतर मिल उघडलीच नाही, घरीच असतात. त्यांनी कापडावरून नुसता अंगठा फिरवला. म्हणाले, "सुलक्षणा, हे धुण्यानं गेलेलं नाही. सूतच कच्चं आहे. पोरीला खरं सांगून टाक." सांगू? — तिच्या पोटात काही राहतं का! दुसऱ्या दिवशी शाळाभर होईल. आणि आमचे शेट, या दुकानाचे मालक, शाळेच्या कमिटीवर. अनुपमाला अ‍ॅडमिशन त्यांच्या शब्दावर मिळाली, मला इथे उभं त्यांनीच केलं. शाळेचा स्कर्ट दुसऱ्या दुकानात मिळतो का? नाही ना? — मग तुम्हीपण इथेच येणार, मीपण इथेच, आणि ती पोर रोज मोरीत बसून स्वतःचे हात बघणार —

अगं बाई, काय बोलून बसले मी! नाही — शनिवारच्या पालकसभेला मी येणार नाही. तक्रारीवर सही? मुळीच नाही. तुमचं तुम्ही लिहा, माझं नाव घालू नका. कागद आत ठेवा. ठेवा म्हणते ना! असं बघू नका हो माझ्याकडे, तुम्हालाही मुलगी आहे — शेट आले. — हं, पुढचं कोण? कितवीचा स्कर्ट?