नव्याण्णव टक्के उजेड

...आणि वर साहेब मलाच विचारत होते, ‘अडलंय कुठे?’ अहो, ते कळलं असतं तर मी टेबलाखाली घुसून वायरी चाचपत बसलो असतो का? नव्याण्णव टक्के! तुम्हाला सांगतो, सकाळी अकरापासून पडद्यावर तेच, नव्याण्णव टक्के!

आमचं काम उजेडाचं. घर बांधायच्या आधीच गिऱ्हाईकाला ते पडद्यावर फिरवून दाखवायचं, आणि खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर किती उडेल, तिथून छताला किती लागेल, हे सगळं गणित आधीच करून ठेवायचं. एकट्या कॉम्प्युटरला दिलं तर आठवडाभर कण्हत बसेल! म्हणून मी शहाणा, साहेबांना म्हणालो, बारा कॉम्प्युटर जोडू, एकेकाला एकेक खोली वाटून देऊ, शुक्रवारी चारला घर लख्ख! साहेब नाकातून म्हणाले, ‘झालं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून तुमची खुर्ची रिकामी.’ पंधरा वर्षांची खुर्ची हो! एक हात मोडलाय, पण माझी आहे!

मग काय, मशीन दिसलं की चिकटव चिठ्ठी, ‘हात लावू नये’. रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या, ‘अहो, श्वास तरी घेऊ ना?’ आणि तरी नव्याण्णव टक्के! अकरा खोल्या उजळून परत आल्या, बारावी येईना. घरातली सगळ्यात लहान खोली, एका टक्क्याची! बारावा कॉम्प्युटर कुठाय? ऑफिस पालथं घातलं... झेरॉक्सच्या मागे पाहिलं, साहेबांच्या टेबलाखाली पाहिलं, साहेब खुर्चीत बसलेले असताना! मोजली तर मशिनं अकराच. आणि तिथेच, साहेबांच्या बुटांसमोर, मला आठवलं. बारावा माझ्या घरी! मागे काम तुंबलं होतं तेव्हा मीच जोडला होता, इंटरनेटवरून! आणि चिठ्ठी लावायची राहिली ती नेमकी तिथेच.

घरी फोन केला. ‘आई, माझ्या खोलीतला कॉम्प्युटर...’

‘तो होय? सकाळपासून घुं घुं करत होता रे, नुसता तापला होता. बंद केला मी. वर कापडही टाकलंय.’

कापड! ‘चालू कर आई, आत्ताच्या आत्ता!’ केला बिचारीने. पण जुनं मशीन ते, खोली पहिल्यापासून धरली त्याने... तीन तास! दुसऱ्या मशीनला द्यावी, तर वाटणीच बदलते, सगळं घर पहिल्यापासून! आणि घड्याळात साडेतीन.

चारला गिऱ्हाईक आलं. ‘वा, वा, ऊन काय पडलंय!’ हॉल झाला, जिना झाला, स्वयंपाकघर झालं, साहेब चक्क हसले... आणि शेवटचं दार उघडलं. काळंकुट्ट!

‘ही कुणाची खोली?’

नकाशावर लिहिलेलं होतं. ‘तुमच्या आईंची,’ मी म्हणालो.

‘माझ्या आईच्याच खोलीत अंधार?’ त्याचा आवाज एवढासा झाला हो. नव्याण्णव टक्के घर लख्ख, पण ते कोण बघतंय? खुर्ची गेली त्याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू... पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना.

साडेसहाला मी खण रिकामा करत होतो, तेवढ्यात आईचा फोन. ‘अरे, तेव्हापासून समोरच बसलेय मी. कुणाला हात लावू दिला नाही. आत्ता शंभर झालं बघ!’ मग हळूच, ‘फार तापलाय रे... आता बंद करू?’

म्हटलं, कर आई. आता खुशाल कर.