दोन नाक्यांमधलं गणित

—नाही, बसत नाही मी, उभीच बरी. बसले की तुम्ही म्हणणार, त्या खिडकीवर जा, आणि ती खिडकी म्हणणार, इथेच परत या. मला एवढंच सांगा, तेजस्विनी मॅडम — नाव पाटीवर वाचलं, चष्मा आहे मला — हा चलानाचा मेसेज आमच्या ह्यांच्या नावाने आलाच कसा? श्यामसुंदर टिकेकर, शनिवार पेठ. बावन्न वर्षं गाडी चालवताहेत, आजवर एक चलान नाही. अहो, आमच्या पेठेत ह्यांच्या गाडीच्या मागे कुत्रीसुद्धा लागत नाहीत — काही मजाच येत नाही त्यांना! आणि हा माणूस म्हणे साताऱ्याला जाताना एकशे सहाच्या वेगाने गेला. मेसेज माझ्या फोनवर आला म्हणून बरं, ह्यांचा आपला बटणांचा फोन.

फोटो दाखवा. फोटो नाही? मग कळलं कसं तुम्हाला? — काचेवरचा फास्टॅग? तो टोलचे पैसे कापायला असतो, चुगल्या करायला नाही. काय काय? दाखवा कागद. पहिल्या नाक्यावर दुपारी एक बारा, दुसऱ्या नाक्यावर एक शेहेचाळीस, मध्ये साठ किलोमीटर. अस्सं. म्हणजे अंतर भागिले वेळ — नका हो, कॅल्क्युलेटर नका काढू, कर्वेनगरच्या शाळेत एकतीस वर्षं काळ-काम-वेग शिकवलाय मी. एकशे पाच पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. तुम्ही एकशे सहा केलंत, ते एक वेळ चालेल. पण गणित चुकलंय. चुकलंयच! मधल्या थांब्याची वेळ वजा कुठे केलीत? ह्याच्यावर पोरांचे दोन-दोन मार्क कापायचे मी. रसवंतीवर उसाचा रस, आलं-लिंबू घालून, बिनबर्फाचा — चार मिनिटं. चौतीसातून चार गेली, उरली तीस. साठ किलोमीटर, तीस मिनिटं, म्हणजे ताशी वेग आला —

एकशे वीस.

हं. नाही — ते राहू दे. तुमचंच असू दे, एकशे सहा. लिहून घेतलंत का? खोडा ते. मुद्दा तो नाहीच आहे मुळी. मुद्दा असा की रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ह्यांचा सत्कार आहे — ‘निष्कलंक वाहनचालक’, शाल आणि श्रीफळ. आणि त्या संघाचे सेक्रेटरी शरच्चंद्र म्हणून आहेत, ते आदल्या दिवशी फोनवर गाडीचा नंबर घालून बघणार आहेत चलान आहे का. तसलेच आहेत ते. महिनाभर भाषण पाठ करताहेत हो हे, आरशासमोर. हसू नका. शाळेत कारकून होते, कधी कुणी एक फूल दिलं नाही त्यांना. हे चलान निघालं ना, तर हे नुसती किल्ली खुंटीला लावतील आणि परत गाडीला हात लावणार नाहीत. मला ते बघवणार नाही.

पुरावा? आहे ना पुरावा! तो घेऊनच आलेय. वेळ काय म्हणालात? एक बारा ते एक शेहेचाळीस. अहो, एक ते चार हे झोपतात! बावन्न वर्षांत खंड नाही. घरी असोत, लग्नात असोत, प्रवासात असोत — एकाच्या ठोक्याला गाडी झाडाखाली, हे मागच्या सीटवर आडवे, तोंडावर पंचा. पुण्यातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, एक ते चार म्हणजे काय ते. चार वाजेपर्यंत वरून विमान गेलं तरी कूस बदलत नाहीत. मग मला सांगा, झोपलेला माणूस गाडी कशी चालवेल? अं? सांगा ना. आहे उत्तर?

...

असं बघू नका माझ्याकडे.

पाणी आहे का? असू दे, बसते मी आता. — लायसन्स आहे. हे घ्या, बघा, सहासष्टाव्या वर्षी काढलंय. कर्वेनगरला शेफाली म्हणून मुलगी शिकवते, भजनाला जाते सांगून जायचे मी. ह्यांना विचारलं होतं आधी, तर म्हणाले, मंदा, तुला नाही जमायचं. बरं. नाही तर नाही. हे झोपले की मी मागचं दार हळूच लावते आणि पुढे जाऊन बसते. पूर्वी नाक्यावर काच खाली करा, सुट्टे द्या, मागचे हॉर्न वाजवणार — हे जागे होतील ही धास्ती. पण तो टॅग आला आणि माझं नशीबच उघडलं. नुसतं टुंग होतं, दांडा वर, निघाले! चारच्या आधी एखादं झाड बघायचं, शक्यतो तसलंच, आणि गाडी लावून बाजूच्या सीटवर बसून विणकाम काढायचं. हे उठतात, बाहेर बघतात आणि म्हणतात — बघ मंदा, सकाळी साठनेच चालवली, तरी केवढं लांब आलो! तेच आहे भाषणात. ‘सावकाश जाणारा वेळेवर पोचतो.’ टाळ्या पडणार त्याला, मी लिहून देते.

राग नाही हो त्यांच्यावर. पण त्या तीस मिनिटांत काय वाटतं सांगू? काच खाली, मागे ह्यांचं घोरणं, समोर सगळा रस्ता माझा. एकाहत्तर वर्षांची आहे मी, आणि त्या तीस मिनिटांत मी कुणाची कोणी नसते. फार सुख होतं. चूक आहे, कळतं मला. एखादं पोर मध्ये आलं असतं तर? रात्री तेच डोळ्यांपुढे आलं, तेव्हा ठरवलं इथे यायचं. एकशे वीस पुन्हा नाही. ऐंशी. शब्द देते.

चालक बदलता येतो ना नोंदीत? मग लिहा. मंदाकिनी श्यामसुंदर टिकेकर. घरी कागद येईल? पोस्टाने? ... येऊ दे. फक्त ह्यांच्या नावावरचं आजच काढा आणि माझ्या नावावर सोमवारी चढवा, कागदही तेव्हाच टाका. रविवारची शाल अंगावर पडू दे त्यांच्या, मग सांगेन मीच. किल्ली खुंटीला लागली तर काढेन मी.

द्या, सही करते. आणि हे काय — परत एकशे सहा? खोडा ते, एकशे वीस करा. माझ्या नावावर जातंय, तर गणित तरी बरोबर असू दे. झालं? आवरा आता, तुमची जेवायची वेळ झाली. एक वाजून गेलाय, हे झोपले असतील — आता गाडी माझी.