सारजाबाईंचं डांगर आणि माझा बुधवार

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच शुभांगीताई. सूसहून ट्रॅफिकमधून वाट काढत वेळेवर पोहोचलेले केंद्रप्रमुख निरंजन साहेब. शाळा समितीचे कुशाबा. आजच्या सत्कारमूर्ती सारजाबाई. जमलेले पालक, आणि पुढे सतरंजीवर बसून माझ्या हातात किती कागद आहेत ते मोजणाऱ्या बालमित्रांनो,

कागद एकच आहे. घाबरू नका.

सारजाबाईंनी बावीस वर्षं या शाळेत मुलांचं जेवण रांधलं. आधीच्या वक्त्यांनी त्यांच्या हातच्या चवीचं भरभरून कौतुक केलं. त्या विषयावर बोलायचा अधिकार मात्र मला नाही. का नाही, ते सांगतो. साहेबांना एवढीच विनंती, की पुढची पाच मिनिटं त्यांनी मला मुख्याध्यापक न समजता एक साधा वक्ता समजावं.

नियम असा आहे, की मुलांना वाढण्याआधी अन्न मुख्याध्यापकांनी चाखायचं आणि वहीत तसं लिहायचं. मी रोज चाखत असे. बुधवार सोडून. बुधवारी लाल भोपळा असतो, ज्याला आपल्याकडे डांगर म्हणतात. लहानपणापासून त्या भाजीशी माझं वैर. आई माझ्यासाठी वेगळी भाजी करायची. लग्नानंतर ते काम सौभाग्यवतींकडे आलं. आमच्या घरी सव्वीस वर्षं दोन भाज्या शिजत होत्या. मग बुधवारी मी काय करायचो? वाटी घेऊन ऑफिसच्या मागच्या दाराशी जायचो. तिथं एक बोका बसलेला असे. परत येऊन वहीत लिहायचो, ‘चव उत्तम’. ती चव बोक्याची होती.

सारजाबाई रिकामी वाटी घ्यायच्या. मी या शाळेत आल्यापासून चार वर्षांत त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत.

आता आरोहीकडे येतो. राजू आणि मोनाली भुकूमची भाड्याची खोली सोडून दोन वर्षांपूर्वी गावी परत आले, तेव्हा त्यांची आरोही पहिलीत होती. ही मुलगी चहात बुडवलेली बिस्किटं आणि नुसता पांढरा भात, याखेरीज कशाला तोंड लावत नसे. मोनाली ताट घेऊन तिच्यामागे अंगणभर फिरायची, एका हातात घास आणि दुसऱ्या हातात मोबाईल. एक दिवस ती माझ्यासमोर बसून रडली. म्हणाली, “सर, डॉक्टर म्हनले, रक्त लई कमी हाय. हिच्या पायात त्राणच ऱ्हायलं न्हाई. जिना चढताना खाली बसती.”

तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. मी मोहीम काढली. ‘मी सगळं खातो’ असा तक्ता भिंतीवर लावला. भाजीपाल्यावर व्याख्यान दिलं. ते ऐकून मुलं इतकी शांत झाली, की दोघं झोपली. शेवटी आरोहीला समोर उभं करून म्हणालो, “बाळ, मी बघ, सगळं खातो.”

ती म्हणाली, “बुधवारी न्हाई खात. डांगर तुमी बोक्याला घालता.”

सारा वर्ग हसला. मी खडू शोधू लागलो. खडू हातातच होता.

पुढच्या बुधवारी चौतीस मुलं ताटं वाढून घेऊन बसली आणि एकानंही हात लावला नाही. कुणीतरी म्हणालं, “पयलं सरांनी खायचं.” मी स्वयंपाकखोलीच्या दाराशी गेलो आणि हळूच म्हणालो, “सारजाबाई, मला आज नुसती आमटी द्या.”

त्या म्हणाल्या, “पोरास्नी मी नुसत्या आमटीवर सोडते व्हय? बसा, गुरुजी. भात निवतोय.”

बसलो. आरोहीशेजारी जागा होती. सारजाबाईंनी एकच फोड वाढली. मी ती औषधाच्या गोळीसारखी पाण्याबरोबर गिळली. आरोही माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, “चावलं न्हाई.”

दुसरी फोड आली. ती चावली. आता व्यासपीठावरून खोटं कशाला बोलू? मला ती आवडली नाही, आणि माझा चेहरा ते लपवू शकला नाही. मला वाटलं, सगळंच मुसळ केरात. पण सारजाबाई आरोहीपुढे उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “बघितलंस? सरांना न्हाई आवडलं, तरी खाल्लं. तुला न्हाई आवडलं तर खुशाल थुक, मी रागवायची न्हाई. पन जिभेला एकदा दाव तर खरं.”

तिनं फोड जिभेला लावली आणि थुंकली. सारजाबाई ती जागा पुसून पुढच्या ताटाकडे गेल्या. त्यानंतर दर बुधवारी आम्ही दोघं शेजारी बसत होतो. मी एक फोड खायचो, ती एक थुंकायची. मोनालीलाही सारजाबाईंनी घरी जाऊन सांगितलं, “मागं पळू नगंस. तू नि राजू बसून जेवा, हिचं ताट संगती ठेवा, अन् तिच्याकडं बघू नका.” मोनाली म्हणते, न बघणं फार अवघड गेलं. अकराव्या बुधवारी आरोहीनं फोड गिळली आणि म्हणाली, “अजून एक.” मी आजही एकीवरच आहे. पावसाळा संपता संपता ती शाळेचा जिना धावत चढू लागली, आणि डॉक्टरांनीही रक्त वाढल्याचं सांगितलं.

घरी मी सौभाग्यवतींना म्हणालो, “यापुढे एकच भाजी कर.” त्या म्हणाल्या, “सव्वीस वर्षं मी सांगत होते ते कानावर गेलं नाही. त्या पोरीला एकदा घरी जेवायला आणा, मला तिच्या पाया पडायचंय.”

मी एकदा सारजाबाईंना विचारलं होतं, की तुम्हाला माहीत होतं तर चार वर्षं बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, “तुमी मोठी मानसं. पन गुरुजी, रांधनारीला कळतंच की, आपलं अन्न कुटं जातंय ते.” त्या हसून बोलल्या होत्या. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. त्या चार वर्षांची माफी मी आज चारचौघांत मागतो.

आणखी एक गोष्ट परवा लक्षात आली. बावीस वर्षांत यांना बसून जेवताना कुणी पाहिलेलं नाही. मुलांचं झालं की चुलीशी उभ्या उभ्या दोन घास. आजचं जेवण पालकांनी रांधलं आहे. सारजाबाई सकाळपासून दोनदा मीठ बघायला निघाल्या होत्या, कुशाबांनी अडवलं.

पाहुण्यांचे, पालकांचे आणि मुलांचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द वावगा गेला असेल, तर हा माणूस फक्त बुधवारी शहाणा असतो असं समजून पदरात घ्या.

सारजाबाई, पहिल्या पंगतीत मधला पाट तुमचा आहे. बसा. वाढायला मी आहे.