काचेतला पांगुळगाडा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे आमची ठकू नुकती कुठे डोळा मिटून पडली होती आणि मी चहाचा कप तोंडाला लावणार होते, नेमकी तेव्हाच एक बाई रिक्षातून उतरून दारात उगवली! वेळ एवढी पक्की कशी लक्षात म्हणाल, तर पोरगी झोपली की मी आधी घड्याळ बघते, आज आपल्या वाट्याला किती मिनिटं आली ते कळावं म्हणून... त्या दिवशी चार आली. चार!

बाई कशी, तर डोळ्याला जाड चष्मा, खांद्याला झोळी आणि हातात पांढरे सुती हातमोजे. मला सांगा, परक्याच्या घरी हातमोजे घालून कोण येतं? एक डॉक्टर, नाहीतर चोर. ही डॉक्टर नव्हती. मग संशय येणार नाही का हो?

म्हणते कशी, "मी इथल्या संग्रहालयातून आलेय. आम्हाला राजेरजवाडे नकोत, तुमच्यासारख्यांच्या घरातल्या रोजच्या वस्तू हव्यात. आणि त्यांच्या गोष्टी." आता माझ्या घरातल्या वस्तूंची गोष्ट ती काय? मिक्सरचं झाकण तीन महिने सापडत नाही, ही गोष्ट! मी दार लोटणार, तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या, आणि बाईनं त्यांना विचारलं, "आजी, तुमच्या आठवणी सांगाल का?"

झालं! अहो, गेल्या कित्येक वर्षांत त्यांना "जेवलात का" आणि "गोळी घेतलीत का" यापलीकडे कुणी काही विचारलेलंच नाही. पदर सावरून ज्या बसल्या! बाईनं मोबाइल पुढे धरला, आवाज भरून घ्यायला. सासूबाई बोलतायत, बाई मान डोलावतेय, माझा चहा बाई पितेय... आत ठकू उठली म्हणून मी तिचे कपडे बदलायला गेले, बाहेर येऊन बघते तर बाई नाही, रिक्षा नाही आणि दाराशी ठेवलेला आमचा पांगुळगाडा नाही!

पांगुळगाडा हो! तीन चाकांचा, लाकडी, पोरं दांडीला धरून ढकलत चालतात तो. आमच्या सासऱ्यांनी पहिलं पाऊल टाकलं ते त्याच्यावर, आमच्या ह्यांनीही त्याच्यावरच, आणि ठकू, सोळा महिन्यांची माझी पोर, दुसरं काही धरून उभीसुद्धा राहत नाही. गाडा धरला की ओट्यापासून दारापर्यंत खडखडखडखड, आणि सोडला की बसलीच बूड टेकून. शेजारणीचं पोर दहाव्या महिन्यात पळायला लागलं. ती रोज विचारते, "अजून नाही का गं चालत?" त्या 'अजून'मध्ये इतकी साखर असते की मी दारच लावून घेते.

मी म्हटलं, "आई, अहो पोरगी चालतेय त्याच्यावर!"

"चालेल गं. कायमचा भेट दिलाय मी, सही केली. असल्या वस्तू जपायला नकोत?"

"आणि पोरगी?"

"तिला आपण आहोत की जपायला."

आमचे हे संध्याकाळी प्लॅस्टिकचा गाडा घेऊन आले, गाणी म्हणणारा. ठकूनं तो उलटा केला, शेजारी बसली आणि त्याचं चाक चोखत बसली. दहा दिवस पोरगी पाऊल उचलेना. डॉक्टर म्हणतात, "घाई नको." म्हणजे काय? काहीतरी लपवतात का हो हे लोक? संशय येणार नाही का?

अकराव्या दिवशी प्रदर्शन उघडलं. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या, ठकू माझ्या कडेवर, आणि मी मनाशी पक्कं केलेलं, आज गाडा घेऊनच यायचं! दुसरं दालन, मधोमध काचेची पेटी, वर दिवा, आत आमचा गाडा. समोर पाटी. आता मी सातवीच शिकलेय, पण वाचता येतं मला! 'दांडीवर सत्तर वर्षांपूर्वीच्या बालकाच्या दातांच्या खुणा.' अहो, सत्तर वर्षं? ठकूच्या दाढा येतायत, मागच्या महिन्यात कुरतडलीय तिनं! पुढे लिहिलंय, 'चाकाला बांधलेल्या चिंधीचे प्रयोजन अज्ञात.' अज्ञात कसलं? चाक करकरत होतं, ह्यांचं बनियन फाडून मीच बांधली!

मग माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. आमच्या गाड्याची ही गत, तर पलीकडच्या त्या गंजक्या तलवारीचं काय? कुणाच्या बंबातली कोळसे ढोसायची सळईसुद्धा असेल! संशय येणार नाही का?

बाईला गाठून सगळं सांगितलं. वाटलं, ओशाळेल. कुठलं काय! तिचे डोळे चमकले, वही काढली. "वा! म्हणजे वस्तू अजून वापरात होती! कोणत्या रंगाचं बनियन?"

"रंग राहू द्या, गाडा द्या!"

"तो आता नाही देता येणार हो. नोंद झाली. दोनशे चौदा नंबर. नोंदलेली वस्तू परत जात नाही."

मी भांडायला तोंड उघडलं आणि बघते तर सासूबाई त्या पाटीपुढे उभ्या. पाटीवर खाली त्यांचं नाव होतं, पूर्ण, तीन शब्दांत. एकेका अक्षराखाली बोट फिरवत होत्या. वाचून झालं की परत पहिल्यापासून. मला म्हणाल्या, "बघ गं, काना-मात्रा सगळं बरोबर लिहिलंय." आता यानंतर काय भांडणार, कपाळ?

हात भरून आले म्हणून ठकूला खाली ठेवलं. तिनं गाडा बघितला. उठली. एक पाऊल... दुसरं... तिसरं... काही न धरता हो! पहारेकरी ओरडला, "ओ ताई, काचेला हात लावायचा नाही!" मी त्याच्यावर ओरडले, "गप्प बसा, पोरगी चालतेय!" सात पावलं मोजली मी. सातव्याला काचेवर दोन्ही हात आणि नाक! मी रडतेय, सासूबाई रडतायत, बाई म्हणतेय, "एक मिनिट, परत चालवा ना, फोटो राहिला!"

आता सुटले म्हणाल? घरी आलो, बसली बूड टेकून! अंगणात नाही, रस्त्यावर नाही, शेजारणीपुढे तर मुळीच नाही. चालते ती फक्त दुसऱ्या दालनात, त्या पेटीभोवती, गोल गोल. म्हणून गेले तीन आठवडे रोज अकरा ते एक मी तिथेच. पहारेकऱ्यानं मला खुर्ची दिलीय. येणारे-जाणारे मलाच विचारतात, "ताई, ही चिंधी कसली?" मी सांगते, दुसरं करते काय! परवा बाई माझ्याकडे बराच वेळ बघत होती आणि वहीत काहीतरी लिहीत होती... तेच, वस्तू हाताळायचे हातमोजे घालून!

तेव्हा एवढा निरोप द्या सगळ्यांना. सकाळच्या वेळी आमच्या दाराची बेल वाजवू नका. काम असेल तर संग्रहालयात या, दुसरं दालन, डाव्या हाताला. शेजारणीला तर आवर्जून सांगा. पोरगी चालते म्हणावं, पण तिकीट काढून बघावं लागेल.